गाडी दिसली पाहिजे

“ह्याच्यात माही गाडी कुठाय?” विश्वंभररावांनी फोटो काउंटरवर आपटला आणि त्यावर बोट ठेवलं.

प्रेमानंदनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोटोत एक नंबर प्लेट होती, अगदी लख्ख. तिच्या दोन्ही अंगांना मांजराच्या डोळ्यांसारखे दोन दिवे चमकत होते. वर काचेत फ्लॅशचा पांढरा गोळा आला होता. बाकी सगळा अंधार.

“हाय की गाडी त्याच्यात,” प्रेमानंद म्हणाला. “गाडी काळी, मागं रात काळी. काळ्यात काळं कसं दिसंल?”

“म्हंजी मी पाहुण्यायला काय सांगू? नंबर माहा हाय, बाकी तुमी समजून घ्या?”

प्रेमानंदला उत्तर द्यायचाही कंटाळा आला होता. हिंगोली जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती, नवी ऑफिसं आली होती आणि त्यामुळे ‘आकांक्षा फोटो स्टुडिओ’त दिवसभर ओळखपत्राच्या फोटोंची रांग असायची. त्यात मे महिन्याची लग्नसराई. त्या महिन्यात त्यानं बावीस लग्नं उरकली होती. तो इतका थकला होता, की त्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशातल्या स्वतःलाच तो “मान जरा खाली घ्या” म्हणाला होता.

विश्वंभररावांचा कनेरगाव नाक्यावर ढाबा होता आणि ढाब्यामागं शेत. माणूस सहा फुटी, आवाजानं त्याहून उंच. त्यांनी अकोल्याच्या एका रिटायर इंजिनिअरकडून जुनी काळी अँबेसेडर घेतली होती. गाडी जुनी असली तरी म्हाताऱ्यानं लेकरासारखी जपलेली होती. तिचा मोठा फोटो काढून ढाब्याच्या गल्ल्यामागं लावायचा, ही विश्वंभररावांची हौस. त्यांचे वाशीमचे मेहुणे तातेराव यांच्या बैठकीत पांढऱ्या गाडीचा फोटो होता, आणि तातेराव चारचौघांत म्हणाले होते, “दाजी, काळी गाडी रस्त्यावरबी दिसत न्हाई आन् फोटूतबी येत न्हाई.” दुर्दैवानं पहिल्या फोटोत तातेरावांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

“दिवसा काढू,” प्रेमानंद म्हणाला.

दिवसा काढलेला फोटो आठवडाभरानं नांदेडच्या लॅबमधून आला. त्यात गाडी होती, पण ती एकटी नव्हती. पुढच्या दारात ढाब्याची पाटी उलटी वाचता येत होती. मागच्या दारात दोरीवर वाळत घातलेलं मंजुळाबाईंचं लुगडं फडकत होतं. डिकीवर एक म्हैस होती. आणि मधोमध, तिपाईवरच्या कॅमेऱ्यात डोकं घातलेला प्रेमानंद स्वतः होता, पाय फाकवून.

विश्वंभररावांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. “म्हैस चांगली आली,” ते म्हणाले.

“गाडीला पॉलिश हाय विश्वंभरराव. आरशावानी हाय ती. आरशाचा फोटो कसा येणार? समोर जे असंल तेच त्याच्यात येणार.”

“मंग तातेराव म्हणतो तेच खरं म्हणायचं?”

हे मात्र प्रेमानंदला लागलं. वीस वर्षं तो फोटो काढत होता. नवरे, नवऱ्या, बारशाची लेकरं, पोलिसांच्या पंचनाम्यातल्या चेपलेल्या मोटारी, कोर्टाच्या कामाला लागणाऱ्या पडक्या भिंती. या वीस वर्षांत कोणी त्याला अवघड असं काही सांगितलंच नव्हतं. नांदेडला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याला एकदा एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात रात्रीच्या अंधारात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीचा फोटो होता. गाडीच्या टपावरून, बॉनेटवरून उजेडाची एकच बारीक रेघ ओघळली होती आणि तेवढ्या रेघेत अख्खी गाडी दिसत होती. लेकीनं, आकांक्षानं, शेजारचा मजकूर त्याला वाचून दाखवला होता. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, शटर उघडून ठेवायचं. फ्लॅश कॅमेऱ्यावर लावायचाच नाही. तो हातात घेऊन अंधारात गाडीभोवती फिरायचं आणि बाजूनं, वरून, तिरका असा एकेक झोत टाकायचा. काळ्या कपड्यात फिरलं की फिरणारा माणूस फोटोत येत नाही.

ते पान त्यानं कापून गल्ल्याच्या कप्प्यात ठेवलं होतं. कधीतरी करून पाहू, असं म्हणता म्हणता सहा वर्षं झाली होती.

“रातच्यालाच काढू,” प्रेमानंद म्हणाला. “पण आता माह्या पद्धतीनं.”

अडचण पहिल्याच पायरीला आली. फ्लॅश धरायला माणूस हवा. असिस्टंट रविंद्र सख्ख्या भावाच्या लग्नाला गेला होता, आणि अमावस्या तर उद्याच होती. त्यानंतर चांदणं वाढत जाणार आणि पुढं पाऊस.

“मला जमंल का ते?” प्रेमानंदची बायको मालनबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

“काय अवघड हाय? मी ‘मार’ म्हणलं की लाल बटन दाबायचं.”

“तेवढंच हाय तर तुमी वीस वर्षं काहून दमून राहिले?”

मालनबाईनं काळं काहीतरी घालायचं होतं. तिच्याकडे काळं लुगडं नव्हतं, निळं होतं, पण त्याचे काठ चमकत होते. शेवटी खुंटीवरचा प्रेमानंदचा काळा रेनकोट ठरला. मे महिन्यातल्या हिंगोलीत, रात्रीसुद्धा भिंती गरम असताना, मालनबाई टोपीसकट रेनकोट घालून स्कूटरवर मागं बसली. गल्लीतली नानीबाई ओट्यावरून म्हणाली, “माय, कुठी पाऊस लागला का काय?”

“लागंल,” मालनबाई म्हणाली. “हेंच्यासोबत निघालं की कायबी लागतं.”

नाक्यावर पोचेपर्यंत साडेआठ वाजले होते. दुपारच्या लग्नात रोल संपत आले होते. कॅमेऱ्यात होता त्या रोलमध्ये सहा फोटो शिल्लक होते, पिशवीत दुसरा रोल नव्हता आणि नाक्यावर तो मिळणार नव्हता. सहा खूप झाले, असं प्रेमानंदनं स्वतःला सांगितलं.

ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती. ती भलतीच चमकत होती. प्रेमानंदनं बोट लावून पाहिलं तर बोट घसरलं.

“हे काय लावलं?”

“तेल,” विश्वंभरराव अभिमानानं म्हणाले. “दोन किलो लागलं. फोटूला चमक पाहिजे ना!”

“कशाचं तेल?”

“करडीचं. नवं कशाला नासायचं? कढईतलं हाय, भज्यायचं.”

वास खरंच भज्यांचा येत होता. तो फक्त प्रेमानंदलाच येत होता असं नाही. अंधारात गाडीच्या पलीकडून चाटल्याचा आवाज आला. नाक्यावरची दोन कुत्री मागचं चाक चाटत होती आणि तिसरं रस्ता ओलांडून येत होतं.

“पुसून काढू का?” विश्वंभररावांनी विचारलं.

प्रेमानंदनं आकाशाकडे पाहिलं. त्याचे खांदे दुखत होते, दुपारच्या मांडवातल्या बँडचा आवाज अजून कानात होता. “राहू द्या,” तो म्हणाला. “पुसता पुसता सकाळ व्हईल.”

मग दिव्यांचा प्रश्न आला. रोज आठ वाजता जाणारी लाईट नेमकी त्या दिवशी गेली नव्हती. ढाब्याच्या ट्यूबलाईटचा उजेड थेट गाडीवर पडत होता. विश्वंभररावांनी जाऊन मेन स्विच खाली ओढला. ढाब्यावर जेवणारे सहा ट्रक ड्रायव्हर एकदम अंधारात बुडाले.

“अरे सेठ!” एक जण ओरडला. “दाल में क्या गिरा, दिख नहीं रहा!”

“कुछ नहीं गिरा! दस मिनिट! गाडी का फोटो है!”

“तो हम क्या अंदाज से खाएँ?”

“मुँह तो मालूम है ना कहाँ है!” विश्वंभररावांनी अंधारातून उत्तर दिलं. त्यावर दुसऱ्या बाजूनं हसण्याचा आवाज आला आणि जेवण अंदाजानं सुरू झालं.

पहिला फोटो सुरू असताना प्रेमानंदनं ‘मार’ म्हणायच्या आत मालनबाईनं बटन दाबलं. दुसऱ्यात तिनं फ्लॅश उलटा धरला आणि झोत सरळ प्रेमानंदच्या डोळ्यांत गेला, त्याला दोन मिनिटं काही दिसेना. तिसऱ्याला एक ट्रक वळला आणि त्याच्या हेडलाईटनं सगळं धुऊन नेलं. चौथ्याला एक कुत्रं बॉनेटवर चढलं. पाचव्याच्या आधी विश्वंभररावांना नवी कल्पना सुचली.

“गाडीचे छोटे दिवे जरासे लागले तर शोभंल का न्हाई?”

शोभलं असतं. मासिकातल्या फोटोतही लागलेले होते. पण दोनच सेकंद लावायचे आणि विझवायचे होते, म्हणजे आत माणूस हवा, आणि तो काचेतून दिसायला नको. विश्वंभरराव पुढच्या सीटवर आडवे झाले. डोकं स्टिअरिंगखाली, एक हात दिव्याच्या खटक्यावर. पण सहा फुटी माणूस अँबेसेडरच्या सीटवर मावतो कसला! त्यांचे पाय पलीकडच्या दारावर चढले आणि तळवे काचेला टेकले. अंधारात प्रेमानंदला हे दिसलं नाही.

“हलू नका बरं का!” तो ओरडला. “अजिबात हलू नका. मेल्यावानी पडा!”

“पडलो!” आतून आवाज आला.

नेमकी त्याच वेळी हिंगोलीहून वाशीमकडे जाणारी एसटी नाक्यावर आली. ड्रायव्हरनं पाहिलं, ढाबा अंधारात होता. मागं अंधारात एकदम वीज चमकावी तसा लख्ख उजेड पडत होता आणि विझत होता. त्या उजेडात विश्वंभररावांची काळी गाडी दिसत होती आणि तिपाईपाशी प्रेमानंद फोटोग्राफर. हिंगोली-वाशीम रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या कुठल्याही माणसाला एवढं पुरेसं होतं. रात्री रस्त्याच्या कडेला गाडी आहे आणि प्रेमानंद तिचे फोटो काढतोय, याचा एकच अर्थ होत असे. पंचनामा.

एसटी वळून थांबली; वळताना तिच्या दिव्यांनी पाचवा फोटोही धुऊन नेला. कंडक्टर बॅटरी घेऊन उतरला, त्याच्यामागं अर्धी गाडी उतरली. एक बाई म्हणाली, “अवो, विश्वंभररावाची गाडी हाय!” कनेरगावचाच एक जण हातातली पिशवी तिथंच टाकून गावाकडे धावत सुटला. विश्वंभररावांचं घर तिथून दोन शेतं पलीकडे होतं.

कंडक्टर प्रेमानंदजवळ आला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “कसं झालं हो?”

“कसं व्हायचं?” प्रेमानंद कॅमेऱ्यातून डोकं न काढता म्हणाला. “काळी हाय ना. रातच्याला दिसत न्हाई.”

“तरी मी म्हणतो, काळी गाडी चांगली न्हाई! समोरच्याला दिसलीच नसंल. किती वाजता?”

“साडेआठपासून चालू हाय. पाच वाया गेले.”

“पाच!” कंडक्टर मागं सरकला. पाच गेले, ही बातमी एसटीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तेवढ्यात कोणीतरी बोट दाखवलं. “कुत्रे बघा, कुत्रे! काय चाटून राहिले?” दाराखालून काहीतरी ओघळलेलं होतं आणि तीन कुत्री ते मन लावून चाटत होती. एक म्हातारी, पारुबाई, मटकन खाली बसली. कंडक्टरनं बॅटरी काचेवर मारली. काचेला दोन तळवे टेकलेले होते.

“पाय!” तो म्हणाला. “पाय दिसून राहिले!”

प्रेमानंदला मागं गर्दी जमल्याचं कळलं, पण तो लग्नात वाढलेला माणूस होता. फोटो काढताना मागं चाळीस माणसं बडबडत असणं त्याच्या सवयीचं होतं. त्यांच्याकडे पाहण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. एकच फोटो शिल्लक होता, छत्तिसावा. त्याला फक्त तो काढायचा होता आणि घरी जाऊन झोपायचं होतं.

“कोणी पुढं येऊ नका,” तो गर्दीला म्हणाला. “कशाला हात लावू नका.”

पंचनाम्याला असंच म्हणतात. गर्दी शहाण्यासारखी मागं सरली. प्रेमानंदनं कॅमेऱ्याला जोडलेल्या केबलचं बटन दाबलं, शटर उघडलं आणि ते उघडंच राहावं म्हणून केबलचा स्क्रू फिरवून पक्का केला. विश्वंभररावांनी आतून दिवे लावले, विझवले. मालनबाई रेनकोटात घामानं निथळत टपाच्या बाजूला गेली.

“मार,” प्रेमानंद म्हणाला. तिनं झोत टाकला. या वेळी बरोबर पडला.

आणि मंजुळाबाई आल्या.

त्या शेतातून अनवाणी धावत आल्या होत्या. मागं त्यांची लेक प्रतिक्षा, तिच्यामागं घरचा गडी रामजी. गर्दीनं आपोआप वाट दिली. मंजुळाबाईंनी गाडी पाहिली, काचेवरचे पाय पाहिले आणि बॉनेटवर अंग टाकलं.

“अवो माह्या धन्या!” त्यांनी जो हंबरडा फोडला तो ऐकून कुत्रीसुद्धा मागं सरली. “काय हो केलं हे! मी सांगत होते, ही काळी अवदसा घरात आणू नका!”

आत विश्वंभरराव दचकले. उठून बसावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ‘मेल्यावानी पडा’ असं सांगितलेलं होतं, आणि शेवटचा फोटो होता, हे त्यांनाही ठाऊक होतं. शिवाय मंजुळाबाई पुढं जे बोलल्या ते ऐकून त्यांचं उठायचं मनच झालं नाही.

“राजा माणूस हो माहा!” मंजुळाबाई म्हणत होत्या. “दारातून वाकून येत होता. दाराशी आलेल्या माणसाला उपाशी लावून दिलं न्हाई कधी! कुणाला वाकडं बोलला न्हाई!”

सव्वीस वर्षांच्या संसारात विश्वंभररावांनी आपल्याबद्दल बायकोच्या तोंडून असा शब्द ऐकला नव्हता. घरी ऐकायला मिळे ते वेगळंच होतं. स्टिअरिंगखाली त्यांचे डोळे भरून आले. आणखी काही बोलेल म्हणून ते कान देऊन पडून राहिले.

मालनबाई पुढं झाली होती. “अवो वहिनी, ते...” असं ती म्हणायला लागली. तेवढ्यात मंजुळाबाईंचा सूर आणखी चढला.

“पोरीला नांदेडला धाडतो म्हणले होते हो! नर्सिंगला नंबर लागला, धाडतोच म्हणले होते! परवाच जेवताना म्हणले, मंजुळे, कायबी होवो, पोरगी शिकली पाहिजे! आता कोण धाडील माह्या लेकराला?”

प्रतिक्षा रडायची थांबली आणि आईकडे बघत राहिली. मालनबाईचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. तिनं आधी मंजुळाबाईंकडे पाहिलं, मग पोरीकडे. फ्लॅश तयार झाल्याचा छोटा दिवा लागला होता. तिनं हात उंच केला आणि प्रेमानंदनं न सांगता, गाडीच्या मागच्या अंगानं, तिरका, अगदी हलका असा झोत टाकला.

“धाडतील हो बाई,” पारुबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली. “मेल्या माणसाचा शब्द हाय. तो मोडत नसतात. आमी समदे ऐकून राहिलो.”

“समद्यायनं ऐकलं!” कंडक्टरनंही जबाबदारीनं सांगितलं.

मंजुळाबाईंचा आवाज खाली आला. त्या बॉनेटवर गाल टेकून तशाच निश्चल राहिल्या. मालनबाईनं आणखी एक झोत टाकला. प्रेमानंदला आता पहिल्यांदा काय चाललंय ते नीट कळलं होतं. पुढं होऊन सगळं सांगावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण वीस वर्षांची सवय वाईट. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, “वहिनी, तशाच राहा. हलू नका.”

त्यानंतर आतून मोठा हुंदका ऐकू आला. विश्वंभररावांना आता भरून आलेलं आवरेना. ते उठायला गेले, त्यांचं कोपर हॉर्नवर पडलं आणि मेलेली गाडी नाक्यावर पार पलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली.

गर्दी फुटली. एसटीतली माणसं एसटीकडे पळाली. कंडक्टरनं आत शिरता शिरता घंटी ओढली, आणि बसलंय कोण, राहिलंय कोण हे न पाहता ड्रायव्हरनं गाडी काढली. पारुबाई मागं राहिली, तिला नंतर एका ट्रकवाल्यानं नेऊन सोडलं. अंधारात जेवणारे ड्रायव्हर तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांना आता कशाचंच नवल वाटत नव्हतं.

“मंजुळे!” विश्वंभरराव दार उघडून बाहेर आले, तेलानं माखलेले. “मी हाय! जिता हाय मी!”

मंजुळाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “घरी चला. भात लागला असंल.”

प्रेमानंदला शटर आठवलं. दहा-बारा मिनिटं ते उघडंच होतं. त्यानं स्क्रू सोडला, खट्‌ असा आवाज झाला आणि रोल आपोआप मागं फिरायला लागला. सहाच्या सहा वाया गेले होते. तो तिथंच मातीत बसला. मालनबाईनं रेनकोट काढला, झटकला आणि त्याच्या शेजारी बसली.

“दमले का?” तिनं विचारलं.

“तुला काय सांगू?” तो म्हणाला. “आता तुलाबी कळलंच असंल.”

चार दिवसांनी नांदेडहून पाकीट आलं. पस्तीस फोटो त्यानं भराभर बाजूला टाकले. छत्तिसावा हातात घेतला आणि स्टुलावर बसला.

काळी गाडी आली होती. टपावरून निघालेली उजेडाची एक बारीक रेघ काचेच्या कडेनं उतरून बॉनेटवर आली होती, तिथून चाकाच्या वळणावर गेली होती, आणि तेवढ्या रेघेत अख्खी गाडी उभी होती. मासिकातल्यासारखी नव्हे, त्याहून चांगली. धावपळ करणारी सगळी माणसं अंधारात विरघळून गेली होती. कुत्री नव्हती, कंडक्टर नव्हता, त्याच्या बॅटरीची तेवढी एक पिवळी रेघ हवेत राहिली होती. बॉनेटवर गाल टेकलेली एकटी मंजुळाबाई होती, दगडात कोरल्यासारखी. असा फोटो प्रेमानंदनं आयुष्यात काढला नव्हता. खरं सांगायचं तर हाही त्यानं काढला नव्हता. उजेड टाकला होता तो मालनबाईनं.

विश्वंभररावांनी फोटो दारातल्या उजेडाला नेऊन पाहिला.

“गाडी दिसून राहिली ना आता?” प्रेमानंदनं विचारलं.

“गाडीचं काय घेऊन बसले?” विश्वंभरराव म्हणाले. “ही बघा ना. माह्यासाठी रडून राहिली. तातेरावाच्या बैठकीत हाय का असं काई?” मग जरा पुढं वाकून त्यांनी हळूच विचारलं, “भाऊ, तुमी तिथं होते. मी प्रतिक्षाला नांदेडला धाडतो असं कवा म्हणलो होतो? मला तर आठवत न्हाई. मी तर न्हाईच म्हणत होतो.”

“मी तुमच्या घरी जेवायला नव्हतो विश्वंभरराव.”

“बराबर हाय.” ते उसासा टाकून म्हणाले. “पण एवढ्या लोकापुढं, रडून रडून सांगितलं तिनं. म्हणलोच असंन. एसटीतले लोक आता ढाब्यावर थांबून विचारून राहिले, पोरगी गेली का म्हणून.”

जूनमध्ये प्रतिक्षा नांदेडला गेली. त्याच काळ्या गाडीतून. फोटो दोन बाय तीन फुटांचा होऊन ढाब्याच्या गल्ल्यामागं लागला, आणि विश्वंभरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवू लागले.

श्रावणात एक दिवस दुपारी मंजुळाबाई स्टुडिओत आल्या. एकट्याच. प्रेमानंद जेवून डुलक्या घेत होता, मालनबाई काउंटरवर होती. हल्ली रात्रीच्या फोटोंना तीच जायची, लोकच तिला मागायचे, आणि त्यामुळे प्रेमानंदला दुपारी डुलक्या घेता येत होत्या. मंजुळाबाईंनी पिशवीतून फोटोची लहान प्रत काढली.

“ह्याच्यात एक पुसता येतं का बघा,” त्या म्हणाल्या आणि काचेवरच्या तळव्यांवर बोट ठेवलं.

प्रेमानंदनं भिंग आणलं. डावा तळवा अगदी रेखीव आला होता, पाचही बोटं मोजता येत होती. उजव्याचा अंगठा मात्र फिसकटलेला होता, धुरासारखा. प्रिंटवर डाग पडला असेल, असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

“हलला असंल,” तो म्हणाला. “शटर उघडं असताना जे हलतं ते असं पुसट येतं.”

“हललाच ना. सारखा हलत होता. कुणी चांगलं बोललं की त्यायचा आंगठा असाच हलतो, लग्नापासून पाहून राहिले.” मंजुळाबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं. “मी धावत आले तवा खरंच जीव गेला होता माहा. पयले चार शब्द खरे होते. मंग आंगठा दिसला.”

प्रेमानंदनं भिंग काउंटरवर ठेवलं.

“म्हंजी तुमाला ठाव होतं?” प्रेमानंदनं विचारलं.

“मंग काय करू? उठून घरी जाऊ? चार वर्षं सांगून राहिले, पोरीला शिकवा, पोरीला शिकवा. जित्या माणसापुढं बोललं तर ऐकत होते का? म्हणलं, निजलेच हायेत तर ऐकू द्या.” त्यांनी फोटो पुढं सरकवला. “आता रोज गल्ल्यावर बसून ह्या फोटूकडं पाहात राहतात. एक न्हाई एक दिवस त्यायच्या ध्यानात येईल. तेवढा आंगठा काळा करून द्या भाऊ. मोठ्या फोटूतलाबी.”

प्रेमानंदनं मालनबाईकडे पाहिलं. ती भिंग पुसत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

“तुला कवा कळलं?” त्यानं विचारलं.

“तुमी डोकं घालून बसले होते कॅमेऱ्यात,” मालनबाई म्हणाली. “मी बाहेर होते.”

प्रेमानंदनं उसासा टाकला, खुर्ची ओढली आणि सगळ्यात बारीक ब्रश शोधला. बाटलीचं झाकण काढून त्यानं ब्रश काळ्या रंगात बुडवला.